बिनदाराची जीप

आमच्या पुतण्याने यंदा थार घेतली. फोंड्याला आमच्या अंगणात ती लाल गाडी येऊन उभी राहिली तेव्हा आईने रीतसर ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि नारळ फोडला. दुसऱ्याच दिवशी चिरंजीव माझ्याकडे हजर. मार्गशीर्षात मित्रांबरोबर गाणगापूर, हुमणाबाद, बसवकल्याण आणि बीदर असा फेरा करायचा बेत ठरला होता. प्रश्न एकच होता. "काका, दारं काढून गाडी नेली तर चालेल का? कायदा काय म्हणतो?"

मी सरकारी कचेरीतला कारकून. त्यामुळे घरात कुणालाही कायद्याचा प्रश्न पडला की तो माझ्याकडे येतो. देशातली सगळी कलमे माझ्याच टेबलाच्या खणात ठेवलेली असतात असा घरच्यांचा समज आहे. मी सवयीने "नाही चालणार" असे सांगून मोकळा झालो. पण तो गप्प बसणारा नव्हे. म्हणाला, "मग तुम्ही आणि आजी गाणगापूरला दार नसलेल्या जीपमधून कसे गेला होता? मिलिटरीच्या जीपला तरी कुठं दारं होती? कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जुन्या जीप आपण बघतोच की. तेव्हा चाललं, मग आता का नाही?"

'का नाही' याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. कचेरीत आम्हाला 'नाही' म्हणायची सवय असते, 'का नाही' सांगायची नसते. म्हणून थोडे वाचन केले, थोडे जुने आठवले. ते सगळे इथे मांडतो आहे.

आधी आमच्या गाणगापूरच्या जीपविषयी. साल १९९४, मी नववीत होतो. आईचा नवस होता. दत्तभक्त गोवेकरांना गाणगापूर नवे नाही. नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुका, भीमा आणि अमरजा यांचा संगम, दुपारची माधुकरी, हे सगळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत ऐकून ऐकून पाठ असते. आम्ही बसने सोलापूर गाठले आणि तिथून पॅसेंजरने गाणगापूर रोड स्टेशनवर उतरलो. स्टेशनाच्या नावात गाणगापूर असले तरी देऊळ तिथून वीसेक किलोमीटर दूर आहे. बाहेर जीप उभ्या होत्या. एसटीसारखी लाल बसही होती म्हणे, पण ती 'आत्ताच गेली' होती. गाणगापूर रोडला बस नेहमी आत्ताच गेलेली असते हे मला पुढच्या फेऱ्यांत कळले.

जीपला मागे आमनेसामने बाके, वर ताडपत्री, आणि बाजूला दारे नव्हती. होती ती काढून टाकलेली होती, कारण बिजागऱ्या तशाच राहिलेल्या दिसत होत्या. पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चौघे. आई कडेला बसली. ड्रायव्हरने एक जाड सुती पट्टा तिच्या समोरून ओढून पलीकडच्या कडीत अडकवला आणि म्हणाला, "मावशी, घट धरा बघा. काय होत नाही." तो कन्नड, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलायचा. मागे पायरीवर माझ्याच वयाचा एक क्लीनर पोरगा एका हाताने लटकत होता. दोन्ही बाजूंना तुरीची शेते होती आणि काळ्या मातीतला रस्ता. वाटेत माणसे चढतच राहिली. मी मोजली तेव्हा एकोणीस भरली होती.

दोन दिवसांनी परत निघालो तेव्हा जीप तीच होती, पण पायरीवर पोरगा दुसरा होता. आईने विचारले, पहिला कुठे गेला? ड्रायव्हर म्हणाला, "पडला की परवा वळणावर. पाय मोडला." जीपमधले कुणीतरी "नशीब ज्याचं त्याचं" म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. आईने त्या दिवशी माझा हात स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

आता जीपला मुळात दारे का नव्हती, ते पाहू. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी मागणी काढली तेव्हा वजनाची मर्यादा घातली होती १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. एवढ्या वजनात चारही चाकांना ताकद देणारी गाडी बसवणे कुणालाच जमेना. अखेर मर्यादा वाढवावी लागली. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी जी जीप बनवली ती हजार किलोच्या थोडी वर गेली. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर जीप तयार झाल्या. वजन वाचवण्यासाठी जे जे टाळता येईल ते टाळले होते. पक्के छत नाही आणि दारेही नाहीत. शिवाय सैनिकाला गोळीबारात क्षणात उडी मारता आली पाहिजे, हाही हेतू होता. मग माणूस बाहेर पडू नये म्हणून काय केले? दाराच्या जागी आडवा एक सुती पट्टा दिला. हे वाचले तेव्हा मी थबकलो. गाणगापूरच्या ड्रायव्हरने आईसमोर ओढलेला पट्टा आणि १९४१ च्या जीपचा पट्टा एकच. त्या ड्रायव्हरला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दार नसले की माणसाला हेच सुचते.

ही जीप बीदर-गुलबर्ग्याच्या मुलखात आली कशी? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. हा मुलूख आपल्याला परका नाही. बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण, चालुक्यांची राजधानी. गोव्याचे कदंब हे त्यांचे मांडलिक. सहाव्या विक्रमादित्याची मुलगी मैळलदेवी गोव्याच्या दुसऱ्या जयकेशीला दिली होती. पुढे १४७२ साली बहमनी वजीर महमूद गवानाने गोवा जिंकला, तेव्हा आपला कारभार बीदरच्या तख्ताकडे गेला. बीदरचा किल्लाही आपल्यासारख्या जांभ्या दगडाच्या पठारावर उभा आहे. तिथली तांबडी माती पाहिली की गोवेकराला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. मात्र पठार उतरले की काळी माती सुरू होते. पावसात ही माती चाकाला अशी धरते की बैल खाली बसावा.

निजामाच्या राज्यात रस्त्यावरच्या वाहतुकीची सोय नव्हती असे मात्र नाही. उलट निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. एखाद्या सरकारने स्वतः बस चालवण्याची हिंदुस्थानातली ती सुरुवात समजली जाते. पण बस धावायची ती मोठ्या सडकेवरून. सडक सोडून आत असलेल्या गावांना बैलगाडी आणि पाय हीच वाहने होती.

त्याच मोठ्या सडकेने सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले. १३ तारखेला पहाटे सोलापूरच्या बाजूने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज निघाली. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमणाबाद, जहीराबाद अशी ती वाट आहे. आज त्याच वाटेने सोलापूर-हैदराबाद हमरस्ता जातो. १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवायचे जाहीर केले, आणि १८ ला त्याच्या फौजेचे सेनापती अल् इद्रूस शरण आले. भाद्रपदातला पाऊस, काळी माती, आणि रणगाड्यांच्या आगेमागे धावणाऱ्या बिनदाराच्या जीप. त्या भागातल्या अनेक गावांनी जीप नावाची वस्तू पहिल्यांदा पाहिली ती बहुधा याच दिवसांत. त्याआधी तिथे रझाकारांचा छळ झाला होता आणि त्यानंतर गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे भयंकर प्रकार झाले. त्यामुळे गावात शिरणारी जीप कुणाला सुटकेची वाटली, कुणाला भीतीची. दोघांनाही ती सरकारची वाटली, एवढे खरे.

आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्याकडेही भारतीय सैन्य आले तेव्हा जीप आल्याच. आमचे आजोबा सांगायचे की सैनिक पाय बाहेर सोडून बसले होते आणि हात हलवत होते. दार असते तर पाय बाहेर कसे सोडले असते?

लष्करामागून साहेब आले. २ ऑक्टोबर १९५२ ला देशभर समुदाय विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी खेड्यापाड्यांत ठरून गेली. मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीप जोडायला आणि मग बनवायला घेतल्या होत्याच. या जीपना कॅनव्हासचे छत आणि बाजूला कॅनव्हासचेच पडदे किंवा दारे असत. पाऊस आला की लावायची, ऊन आले की गुंडाळून ठेवायची. म्हणजे त्या गाडीत दार हा गाडीचा अवयव नव्हता, छत्रीसारखी जवळ बाळगायची वस्तू होती. पुढे साहेबांच्या जुन्या जीप लिलावात निघाल्या. मग कमांडर, ट्रॅक्स अशा लांब पाठीच्या गाड्या आल्या आणि जीप भाडोत्री झाली.

ती तिथे इतकी रुजली त्याला सीमेचाही हातभार आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमणाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. माणसांच्या सोयरिकी, आठवडी बाजार आणि देवस्थाने मात्र होती तिथेच राहिली. भालकीच्या बाईचे माहेर निलंग्याला आणि उदगीरच्या भक्ताचे दैवत हुमणाबादच्या माणिकप्रभूंच्या गादीशी. आता एका राज्याची बस दुसऱ्या राज्यात किती फेऱ्या करणार हे दोन सरकारांनी करार करून ठरवायचे असते. जीपच्या परवान्यालाही राज्याची हद्द असते. सडकेवरून बस मिळे, पण आडवाटेच्या गावांसाठी सरकारी फाइल दोन राज्यांच्या टेबलांवरून फिरायची. मी स्वतः फाइलवर बसणारा माणूस आहे, त्यामुळे ती किती वेगाने फिरली असेल याची मला कल्पना आहे. या फटीत जीप शिरली.

आणि ती शिरली तीच मुळी कागदाशी फारकत घेऊन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालक सोडून सहाच्या वर आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला मॅक्सीकॅब म्हणतात. तिचा परवाना असतो तो ठरवून भाड्याने जाण्याचा. म्हणजे एका मंडळींनी अख्खी गाडी ठरवायची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे. वाटेत दर सीटमागे पैसे घेऊन माणसे चढवणे-उतरवणे हे बसचे काम, त्याचा परवाना वेगळा. आमची गाणगापूरची जीप कागदावर ठरवून निघालेली मंडळी नेत होती. प्रत्यक्षात मात्र ती बस होती. कागदावर बारा, प्रत्यक्षात एकोणीस. कागदावर दारे, प्रत्यक्षात बिजागऱ्या. दार काढायचे कारण ऐट नव्हते. दार मिटले तर कडेचा माणूस मावत नाही, आणि दर दोन मैलांवर चढउतार असताना ते उघडायला-मिटायला वेळ कुणाला? एक माणूस जास्त बसला म्हणजे डिझेलचे पैसे निघाले, असा तो हिशेब होता.

आता कायद्याचे बोलू. १९८८ च्या कायद्यात 'गाडीचे दार काढू नये' असे एक सरळ कलम शोधायला जाल तर ते सापडणार नाही. माझा पुतण्या याच गोष्टीवर नाचत होता. पण कायदा दाराविषयी बोलतच नाही. तो बोलतो कागद आणि गाडी यांच्या मेळाविषयी. हा मेळ कसा घट्ट होत गेला ते पाहण्यासारखे आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ साली जो मोटार कायदा झाला त्यात सूर असा होता की गाडीत बदल केलात आणि नोंदणीच्या दाखल्यातली माहिती जुळेनाशी झाली, तर कचेरीला कळवा. हैदराबाद तेव्हा संस्थान, गोवा पोर्तुगीजांचा. दोन्ही मुलखांना भारताचा कायदा नंतर लागला. १९८८ च्या कायद्यात कलम ५२ आले आणि सूर बदलला. आता नुसते कळवून भागेना. आधी विचारा, मंजुरी घ्या, मग बदल करा. मात्र त्यात एक मोकळीक होती. जोडसामान लावल्याने किंवा काढल्याने गाडीचे रिकामे वजन दाखल्यातल्या वजनापेक्षा २ टक्क्यांपर्यंत कमीजास्त झाले तर मंजुरीची गरज नाही. हजार किलोच्या जीपला ही सूट २० किलोची. कॅनव्हासची दारे काढली तर ती सहज या सुटीत बसत असणार. म्हणजे जुन्या जीपवाल्याचे कॅनव्हास काढणे कायद्यालाही फारसे खुपत नव्हते.

२००० साली कलम ५२ बदलले. तेव्हापासून मालकाने गाडीत असा बदल करायचाच नाही की दाखल्यातली माहिती उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. वेगळ्या इंधनासाठी इंजिनात करायचे बदल वगैरे मोजके अपवाद ठेवले. ती २ टक्क्यांची मोकळीकही गेली. तरी गाड्यांचे रूप बदलणे चालूच होते. शेवटी केरळातला एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ जानेवारी २०१९ ला न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन दारे काढली म्हणजे एक बदल की दोन, यावर वकील मंडळी सुखाने भांडतील.

म्हणजे ऐंशी वर्षांत कायदा 'कळवा' वरून 'विचारा' वर आणि 'विचारा' वरून 'करू नका' वर आला. हे केवळ सरकारी खाक्या म्हणून झाले का? मलाही आधी तसेच वाटले होते. पण याच काळात गाडीचे दार बदलले होते.

जुन्या जीपचे दार म्हणजे पडदा. ते काढा, ठेवा, गाडीच्या सांगाड्याला फरक पडत नाही, कारण सांगाडा दाराविना उभा राहील असाच बनवला होता. नव्या गाडीचे दार हा त्या सांगाड्याचा भाग आहे. आज कुठलीही नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा नगरची लष्करी व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. दाराचे कुलूप आणि बिजागऱ्या किती ओढ सहन करतात याचेही ठरलेले मोजमाप आहे. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाचे काय होते, याची चाचणी २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलांना सक्तीची झाली. २०२० साली आलेल्या थारला त्या वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, ते दारांसकट असलेल्या गाडीला. दारे काढलेल्या गाडीची चाचणी कुणी घेतलेली नाही. शिवाय त्या थारचे बाजूचे आरसे दारांवरच बसवलेले असतात. दार गेले की आरसाही गेला, आणि आरसा हवा असे नियम निराळे सांगतात. विमा कंपनीच्या माणसासमोर मग काय सांगणार?

पुतण्या म्हणाला, "अमेरिकेत तर जीपची दारं काढून बिनधास्त फिरतात." खरे आहे. तिथे रँग्लर नावाची जी जीप आहे तिची दारे काढता यावीत अशीच ती कंपनीने बनवली आहे. कशी काढायची ते कंपनीच्याच पुस्तकात लिहिलेले असते. म्हणजे उत्पादकाच्या मूळ तपशिलातच दार काढणे आहे. तिथल्या बहुतेक राज्यांचा आग्रह दारापेक्षा आरशाचा असतो. आपल्याकडच्या थारला तशी योजना नाही. प्रश्न देशाचा नाही, गाडी कोणत्या कबुलीवर विकली गेली याचा आहे.

याच नियमाने त्याच्या दुसऱ्या शंकेचेही उत्तर मिळते. एखाद्याकडे साठ वर्षांपूर्वीची जीप असेल, ती मुळातच उघडी बनवलेली असेल, दाखल्यात तशीच नोंद असेल आणि तिची तपासणी व नोंदणी वेळच्या वेळी नव्याने झालेली असेल, तर ती दाराविना रस्त्यावर आली म्हणून कलम ५२ आड येत नाही. ती कागदाशी इमान राखून आहे. कुळ्याच्या रस्त्यावरची जुनी उघडी जीप आणि दारे काढलेली नवी थार दिसायला सारखी असतील, पण कायद्याच्या नजरेत पहिली पूर्ण गाडी आहे, दुसरी अपुरी. स्वतःच्या बंदिस्त कुळागरात किंवा शेतात तू काय करतोस ते बघायला पोलीस येणार नाही, कारण कायद्याचा भर सार्वजनिक जागेवर आहे. पण नदीचे पात्र, जंगलातली वाट, गाणगापूरचा रस्ता या सगळ्या जागा सार्वजनिक. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात मुळातच बंदी आहे.

इथे माझे उत्तर संपायला हरकत नव्हती. पण तो पायरीवरचा पोरगा काही मनातून जाईना. त्याचे काय?

कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे गाडीच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर कुणी प्रवास करायचा नाही आणि चालकानेही करू द्यायचा नाही. म्हणजे तो पोरगा कायद्याने त्या पायरीवर नव्हताच. एकोणीसपैकी कागदाबाहेरचे सात जणही त्या जीपमध्ये नव्हते. मग अपघात झाला तर भरपाई कुणाला मिळते? २००७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हिमाचलमधल्या एका बसचे प्रकरण आले होते. बसची परवानगी ४२ जणांची आणि बसमध्ये होते ९०. न्यायालयाने सांगितले की विमा कंपनीची जबाबदारी विम्यात धरलेल्या ४२ जणांपुरतीच. त्यांच्या हिशेबाने जी जास्तीत जास्त रक्कम होईल ती कंपनीने भरावी आणि ती सगळ्यांत प्रमाणात वाटावी, उरलेली मालकाकडून वसूल करावी. आता सीमेवरच्या गावातल्या जीपमालकाकडून काय वसूल होणार? जीपच कर्जाची असते.

हे वाचल्यावर मला कलम ५२ नव्याने कळले. आम्ही कारकून दिवसभर कागद आणि वस्तू यांचा मेळ घालत बसतो, आणि लोक आम्हाला हसतात. हसावे अशीही कामे आम्ही पुष्कळ करतो. पण कागदावरची गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी झाली की त्या दोहोंच्या मधल्या फटीत माणूस पडतो, आणि पडल्यावर त्याला विचारणारे कुणी नसते. परवाना म्हणतो तो तिथे नव्हता. विमा म्हणतो तो आमच्यात नव्हता. मालक म्हणतो नशीब. बिनदाराच्या जीपमधून पडलेला तो पोरगा आधी कागदावरून पडला होता.

म्हणून त्या जीपवाल्यांना मी दोष देत नाही असेही नाही, आणि नुसता त्यांनाच देतो असेही नाही. ज्या रस्त्यावर बस यायला हवी होती तिथे ती पुरेशी आली नाही. २००० साली गुलबर्ग्याला वेगळे परिवहन महामंडळ झाले. २०२१ पासून त्याचे नाव कल्याण कर्नाटक आहे. २०१४ पासून गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना तिथल्या सरकारी साध्या बसचा प्रवास राज्यात फुकट आहे. नावे बदलली, सोयी वाढल्या, ही चांगलीच गोष्ट. दार नसलेल्या जीपवर खरा उपाय दंड नव्हे, वेळेवर येणारी बस आहे, असे माझे मत आहे. दंडाची पावती फाडून सात माणसे घरी पोचत नाहीत.

पण पुतण्याच्या थारला हे कारण लागू नाही. त्याला एक माणूस जास्त बसवायचा नव्हता. त्याला दार नको होते ते फोटोसाठी आणि वाऱ्यासाठी. त्यात गैर काही नाही, त्याच्या वयात मलाही वारा आवडायचा. फक्त १९४८ च्या जवानाचा किंवा गाणगापूरच्या ड्रायव्हरचा हवाला त्याने देऊ नये. जवानाची जीप तशीच बनलेली होती. ड्रायव्हरने गरजेपोटी धोका पत्करला आणि त्याची किंमत भलत्यानेच मोजली.

हे सगळे मी त्याला एका रविवारी समजावून सांगत होतो. कलमे, साल, टक्के. त्याच्या चेहऱ्यावर काही फरक दिसेना. आई पलीकडे शेंगा सोलत बसली होती. तिला आता कमी ऐकू येते असे आम्ही धरून चालतो. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या गाडीला दार नव्हतं म्हणून पट्टा धरून बसले मी. तुझ्या गाडीला दार आहे तर ते काढून घरी ठेवून जाणार? आणि त्या पोराचा पाय बरा झाला की नाही, ते तरी विचारून या तिथं."

तीस वर्षांवर झाली. तो पोरगा आता माझ्याएवढा झाला असेल, आणि गाणगापूर रोडच्या स्टेशनाबाहेर त्याला कुणी ओळखणार नाही. तरी पुतण्याने "विचारतो आजी" असे कबूल केले आहे. मंडळी मार्गशीर्षात निघणार आहेत. दारे लावून.